उघाडी

पंपघराच्या वहीत मी चार रकाने भरते:
वेळ, भरती, पातळी, शेरा.
शेऱ्यात सहसा काही नसतं.
कधी ‘झडपेत चप्पल अडकली’,
कधी ‘निर्माल्य, दोन पोती’,
बहुतेक वेळा ‘निरंक’.

आमचा तलाव नकाशावर नुसता तलाव नाही,
धारण तलाव आहे.
म्हणजे पाणी धरून ठेवायचं, आपलं म्हणायचं नाही.
खाडी चढली की लोखंडी झडपा आपसूक मिटतात,
सगळ्या कोपरखैरण्याचं पावसाचं पाणी
इथे येऊन थांबतं,
दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्यासारखं.
ओहोटी लागली की निघून जातं.
चार महिने असंच. मी आकडे लिहिते.

कुंपणापलीकडे बाग.
जानेवारीत, भर दुपारी दोन वाजता
लॉनवर फवारे गरगर फिरतात.
मोरब्याचं पाणी,
डोंगराआडून आलेलं, गाळलेलं, तुरटी फिरवलेलं,
बाळाच्या बाटलीत चालेल असं,
गवताच्या मुळाशी.
आणि सोसायट्यांच्या संडासांत तेच.
एक कळ दाबली की दहा लिटर मोरबे.

हसुराम घरत माझ्या आधीपासून इथे आहे.
कंत्राटं बदलली, तो राहिला.
झडपेला तो झडप म्हणत नाही.
“आमची उघारी इथंच व्हती. लाकराची.
बापूस रातचा उठून दार लावं.
खारं पानी भायेर, गोरं पानी आत.”
गोडं पाणी त्याच्या तोंडात गोरं होतं.
आत म्हणजे शेतात. शेत म्हणजे
आता जिथे एटीएम आहे तिथपासून
बसथांब्यापर्यंत.

दोन वर्षांपूर्वी कोरगावकर मॅडमनी
तलावाचा एक कोपरा मागून घेतला.
खडी, वाळू, गाळ बसायला खड्डा,
पाणकणसाच्या चार ओळी आणि एक छोटा पंप.
पावसाचं पाणी पाणकणसातून गाळून बागेला,
मोरब्याचं फक्त पिण्याला.
कागदावर सोपं होतं.

पहिल्या वर्षी लॉन जळालं.
पिवळं, मग तपकिरी, मग वर्तमानपत्रात.
मॅडम मीटर घेऊन फिरल्या, तक्ते काढले.
हसुरामने बोट बुडवून जिभेला लावलं.
“खारं हाय.”
मग झडपेच्या खालच्या कोपऱ्याशी ओणवा झाला,
तिथे उधाणाला
खाडी बारीक धारेने आत येत होती,
चोरासारखी नाही, माहेरी आल्यासारखी.

त्याने पेंढा आणि चिखल कालवून ती फट लिंपली,
बांध लिंपतात तशी.
मॅडमनी पुढच्या आठवड्यात वरून रबर बसवलं.
आणि पाणी कधी अडवायचं, तेही त्यानेच सांगितलं:
आश्विनातला शेवटचा पाऊस, अष्टमीचा भांग,
तेव्हा खाडी आळसावलेली असते,
वर चढायचा कंटाळा करते.
मॅडमनी तिथी विचारली, तारीख लिहून घेतली.

तक्रारी आल्याच. डास. वास.
“रानटी गवत कधी काढणार?”
बी-बारामधले रेगे काका तावातावाने आले,
“गटाराचं पाणी आमच्या संडासात?”
मी म्हटलं, काका, संडासातच ना.
ते क्षणभर थांबले,
मग पाणकणसात उभ्या असलेल्या
लाल पायांच्या शेकाट्यांकडे बघत राहिले,
आणि काही न बोलता गेले.
सोसायटीने अजून होकार दिलेला नाही.

यंदा बाग मार्चअखेरपर्यंत तलावावर जगली.
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
पंपाने हवा ओढली, खाकरला, थांबला.
पुन्हा मोरबे. तेही लिहिलं मी, लपवलं नाही.

आज कुंपणाजवळ माळी पाइप धरून उभा होता,
आंघोळ घालावी तसं गुलमोहराला पाणी घालत.
हसुराम तंबाखू मळत म्हणाला, “लिव ना कायतरी.”

शेऱ्यात मी मागे गेले, नोव्हेंबरच्या पानावर,
जिथे पहिल्यांदा लिहिलं होतं
‘तलावात गोरं पाणी, बागेला सोडलं’
आणि तपासणीत साहेबांनी लाल पेनने
‘गोरं’ खोडून ‘गोडं’ केलं होतं.

आजच्या तारखेला लिहिलं:
गोरं पाणी संपलं.
आश्विनात परत.